घोरणारा बैल आणि बोडीतली चपटी गोगलगाय

तुळशीचं लग्न आटोपलं त्या आठवड्यात मामाचा फोन आला. “बाई, पाखऱ्या रातभर घोरते. कोठ्यातला आवाज पार माजघरात येते. तू प्राण्यांचं शिकवते ना, येऊन पाहून घे एकदा.”

मी नागपुरात एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. जनावरांची डॉक्टर मी नाही, आणि हे मामाला चांगलं ठाऊक आहे. पण गावातल्या एकाने सर्दी म्हणून दोन-तीन सुया टोचून झाल्या होत्या, मामाने नाकात जवसाचं तेल सोडून पाहिलं होतं, आणि आता शेजारचे आजोबा नाकाडावर डाग द्या म्हणून मागे लागले होते. तापलेल्या सळईने डागायचं हे मामाच्या जिवावर आलं होतं. पाखऱ्या त्याने वासरू असल्यापासून वाढवलेला.

गाव मौदा तालुक्यात, नागपूरहून भंडारा रोडने तासाभराचं. हा धानाचा पट्टा. पेंचच्या कालव्याचं पाणी येतं, जुने मालगुजारी तलाव आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक शिवारात एखादी तरी बोडी, म्हणजे लहान तळं, आहे. मामाच्या वावराला लागून असलेली बोडी जेमतेम एकरभर असेल. तिच्या पाळीवर पळस आणि बेशरमीची झुडपं, आणि पाण्यात उथळ बाजूला कमळ. हे सगळं पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

नाक

पाखऱ्याचा आवाज मी फाटकातूनच ऐकला. माणूस पाठीवर झोपून घोरतो तसा, पण श्वास आत घेताना जास्त, आणि बैल उभाच होता. दोन्ही नाकपुड्यांतून घट्ट, पिवळसर शेंबूड. मधेच फुरफुरून मान झटकायचा. ताप नव्हता, चारा खात होता, पण मामा म्हणाला की नांगराला लावला तर अर्ध्या तासात तोंड उघडून धापा टाकतो.

विदर्भात बैलाच्या गळ्यातून घुरघुर ऐकू आली की पहिली भीती घटसर्पाची. पण घटसर्प जनावराला असा दिवसेंदिवस वागवत नाही. जोराचा ताप येतो, गळा सुजतो आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत खेळ संपतो. दुसरी शक्यता नाकात शिरलेल्या जळूची. तलावावर पाणी पिणाऱ्या ढोरांना ती चिकटते, पण मग शेंबडात ताजं रक्त दिसतं आणि बहुधा एकाच बाजूला. तिसरा एक रोग म्हणजे नाकात लाल, मऊ, सहज रक्त येणारा मांसल कोंब वाढतो, वर पांढरे ठिपके असतात. तोही साचलेल्या पाण्याशी जोडलेला आहे, आणि तोही बहुतेकदा एकाच नाकपुडीत. मामाने बैलाची मान धरली आणि मी मोबाइलचा दिवा नाकपुडीत टाकला. दोन्हीकडे आतल्या पडद्यावर फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या बारीक गाठींचा थर होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातले डॉक्टर आले. मी जे पाहिलं ते त्यांना सांगितलं आणि त्यांनी लगेच मान डोलावली. या पट्ट्यात काम केलेल्या माणसाला हे नवं नव्हतं. त्यांनी नाकातल्या गाठींवरून काडीला गुंडाळलेला कापूस हलकेच घासला आणि तो शेंबूड काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबला. एक पट्टी मला दिली. रात्री नागपूरला आल्यावर विभागातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ती लावली. पेशींच्या चिखलात मधोमध एक अंडं पडलेलं होतं. बूमरँगसारखं, किंवा आपल्या भाषेत सांगायचं तर मधे फुगलेल्या चंद्रकोरीसारखं, एका टोकाला बारीक काटा. आत अळी तयार होती आणि तिच्या अंगावरचे केस हलत होते. इतकी वर्षं पुस्तकातल्या चित्रावरून शिकवत आले, आणि ते अंडं माझ्या मामाच्या बैलाच्या नाकातून निघालं.

या कृमीचं नाव शिस्टोसोमा नेझाले. मद्रासच्या एम. ए. एन. राव यांनी १९३३ मध्ये त्याचं वर्णन केलं. नर-मादी वेगवेगळे, जेमतेम सेंटिमीटरभर लांब, आणि नर मादीला अंगाच्या खोबणीत धरून ठेवतो. हे जोडपं नाकाच्या आतल्या पडद्याच्या शिरांत राहतं. मादीची अंडी पडदा फोडून बाहेर येतात. जी अडकतात त्यांच्याभोवती शरीर गाठी बांधतं आणि त्या गाठींतून हवा घुसमटत जाते तेव्हा बैल घोरतो. गाठी वाढतात महिनोन्‌महिने. म्हणजे आवाज कार्तिकात ऐकू आला तरी कृमी अंगात शिरला तो पावसाळ्यात, पाण्यात उभं असताना.

बोडी

त्या रविवारी मी बोडीवर गेले ती पाखऱ्यासोबतच. त्याला नेहमीप्रमाणे पाणी पाजायचं होतं. तो घोट्याइतक्या पाण्यात उतरला, तोंड बुडवलं, चार घोट घेतले, आणि मग फुर्र करून जोरात फुरफुरला. शेंबडाचा एक लांब धागा पाण्यावर पडला. कमळाच्या पानाला अडकून हळूहळू विरघळला. मामा मागून म्हणाला, “रोजचंच हाय त्याचं.” मी तिथेच पाळीवर बसले. जे अंडं मी काचपट्टीवर पाहिलं होतं, तशी किती या एका फुरफुरीत पाण्यात गेली असतील!

साध्या पाण्यात पडलं की ते अंडं थोड्याच वेळात फुटतं. केसाळ अळी बाहेर येते, काही तास पोहते, आणि तेवढ्या वेळात तिला एक ठरावीक गोगलगाय सापडावी लागते. नाही सापडली तर ती मरते. तिला गायीत थेट शिरता येत नाही, माशात नाही, बेडकात नाही. बोडीत पाच-सहा जातींच्या गोगलगायी सहज दिसत होत्या: हिरवट-तपकिरी मोठी पिला, जिच्या तोंडाला झाकण असतं, अंडी न घालता पिल्लंच जन्माला घालणारी बेलामिया, उभट पातळ शंखाची लिम्निया, जिच्यावर ढोरांच्या यकृतातल्या चपट्या कृमीचा संसार चालतो, चिखलात स्क्रूसारख्या टोकदार मेलॅनॉइड्स. या अळीला यांपैकी कुणी चालत नाही. तिला लागते कमळाच्या पानाखालची चपटी.

इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. १८३४ मध्ये देशेज या फ्रेंच अभ्यासकाने तिला प्लॅनॉर्बिस म्हटलं. पुढे १९२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल आणि बैनी प्रसाद यांनी तिच्यासाठी वेगळी प्रजात केली आणि नावात ‘इंडो’ घातलं. ‘एक्झस्टस’ म्हणजे भाजून निघालेला. ते बहुधा शंखाच्या करपट रंगावरून पडलं असावं, पण नागपूरच्या उन्हाळ्यात ही कशी जगते ते पाहिल्यावर मला ते नाव त्याहून खोल वाटू लागलं.

एक पान उलटवलं तर खाली सात-आठ चिकटलेल्या. मोठी होती ती रुपयाच्या नाण्याएवढी. शंख सुताच्या गुंडाळीसारखा एका पातळीत वळलेला, दोन्ही बाजूंनी मधे खोलगट, रंग काळपट तपकिरी. तळहातावर घेतली. आधी आत गेली, मग मिनिटभराने पाऊल बाहेर सरकलं, आणि त्यामागून दोन दोऱ्यासारख्या बारीक मिशा. डोळे मिशांच्या टोकाला नव्हते, बुडाशी होते. जमिनीवरच्या गोगलगायीपेक्षा हा मोठा फरक. काडीने जरा जोरात डिवचलं तर तोंडाशी लालसर द्रव आला.

मामा दचकला. “पाह्य, ढोरांचं रगत पेली हे!” त्याचा तर्क अगदी चूक म्हणता येणार नाही, जळू तसंच करते. पण हे रक्त तिचं स्वतःचं आहे. बहुतेक गोगलगायींच्या रक्तात तांब्याचं निळसर द्रव्य असतं. या कुळातल्या गोगलगायींच्या रक्तात आपल्यासारखं लोहाचं हिमोग्लोबिन असतं. म्हणूनच शेण-मूत पडून कुजलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यातही ती तग धरते. शिवाय तिला फुप्फुस आहे. वर येते, हवा भरून घेते, पुन्हा खाली. शेण पडलेल्या पाण्यात शेवाळ जोमाने वाढतं, आणि तिला खायला शेवाळ आणि कुजकी पानंच लागतात. ढोरं बोडीत जितकी जास्त बसतील तितकं तिचं बरं चालतं.

त्याच पानाच्या खालच्या अंगाला पारदर्शक जेलीच्या चपट्या वड्या चिकटलेल्या होत्या, प्रत्येकीत पिवळट दाण्यांसारखी अंडी. भिंगातून पाहिलं तर काही अंड्यांत बारीक जीव गोल-गोल फिरत होते. उबदार पाण्यात आठ-दहा दिवसांत ते बाहेर पडतात आणि दोन-अडीच महिन्यांच्या आत स्वतः अंडी घालू लागतात. नर-मादी असा भेद नाही. एकाच अंगात दोन्ही. आणि जोडीदार नसेल तर एकटीही स्वतःच्या बळावर फलित अंडी घालू शकते. पुढे मोरचुदाचा, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराचा, प्रश्न आला तेव्हा वाद या एका गोष्टीवरच मिटला.

काचेची बरणी

आजारी बैल आहे आणि बोडीत ती गोगलगाय आहे, एवढ्याने प्रकरण सिद्ध होत नाही. विदर्भात ही गोगलगाय कुठे नाही? नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठाशी वाकून पाहिलं तरी सापडेल. याच बोडीतल्या गोगलगायींच्या पोटात हाच कृमी वाढतोय का, ते पाहायला हवं होतं.

मी हातमोजे घालून काही गोगलगायी वेचल्या, ओल्या पानांत गुंडाळून नागपूरला आणल्या आणि एकेकीला वेगवेगळ्या काचेच्या पेल्यात, क्लोरीन उडून गेलेल्या पाण्यात ठेवलं. सकाळी पेले खिडकीत, उन्हाच्या उजेडात. या कृमीची पिल्लं गोगलगायीतून दिवसाच्या प्रकाशात बाहेर पडतात. ढोरं पाण्यावर येतात त्याच वेळी.

पहिल्या दिवशी एका पेल्यात काळे ठिपके पोहताना दिसले आणि मी हुरळून गेले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दोन डोळ्यांचे डाग असलेले, गडद, जाड शेपटीचे जीव. तासाभरात ते काचेला चिकटले आणि कवच करून बसले. हे रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातल्या दुसऱ्याच चपट्या कृमीचे. ते गवताला चिकटतात आणि चाऱ्यातून पोटात जातात. तीच गोगलगाय, पण रोग वेगळा. या एका पेल्यामुळे मला कळलं की पाखऱ्याचं नाक बरं झालं तरी ही बोडी मामाच्या ढोरांचं देणं लागतेच.

तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या एका पेल्यात, ते दिसले. डोळ्यांना जेमतेम धुळीसारखे, उजेडाकडे वर जाणारे आणि मग थबकून हळूहळू खाली उतरणारे. भिंगाखाली शेपटी टोकाला दुभंगलेली, जीभ दुभंगलेल्या सापासारखी. ते काचेला चिकटत नाहीत, कवच करत नाहीत. त्यांना त्वचा हवी असते, आणि ती सापडली तर काही मिनिटांत आत. एक-दोन दिवसांत सापडली नाही तर संपतात. मी पेल्याला हात लावण्याआधी शेजारी स्पिरिट ठेवलं होतं. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात परजीवीशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला ते दाखवले. तिने शेपटीचं माप घेतलं, अंगाची ठेवण पाहिली आणि म्हणाली की ढोरांच्या शिस्टोसोमाचेच. याच गोगलगायीत ढोरांच्या आतड्याच्या शिरांत राहणारी त्यांची भावंडंही वाढतात, म्हणून नुसत्या या पिल्लांवरून जात ठरवायची नाही. बैलाच्या नाकातल्या अंड्याने ती आधीच ठरवली होती.

हा पेला मी मामीला व्हिडिओवर दाखवला, आणि मामी जे म्हणाली त्याने प्रकरण एका अंगाने आणखी उलगडलं. “मंग रोवणीत माह्या पायाले जे खाजवते ते हेच का?”

मी विचारलं, कुठे खाजवते? बोटांच्या बेचक्यात की वर? बेचक्यातल्या चिखल्या प्रत्येक रोवणीवालीला होतात, त्या चिखलाने आणि सततच्या ओलाव्याने. मामी म्हणाली, नडगीवर, पाणी जिथवर येते तिथवर, बारीक लाल पुरळ, रात्रभर आग. आणि ते फक्त बोडीच्या खालच्या दोन बांध्यांत (धानाच्या वाफ्यांत), जिथे बोडीचं पाणी पाझरून येतं. कालव्याच्या पाण्यावरच्या बांध्यांत होत नाही. शेजारच्या बायकाही त्या दोन बांध्यांत रोवायला नाखूश असतात. माझ्या आईपासून हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी त्याला रोग म्हटलं नव्हतं.

ढोरांच्या या कृमींची पिल्लं माणसाच्या कातडीतही शिरतात, पण ती आपली जागा नसल्यामुळे तिथेच मरतात. खाज आणि पुरळ ही त्या मरण्याची. “माणसाच्या नाकात होत नाही ना?” मामीने तीनदा विचारलं. नाही होत. पण म्हणून माणसाचा शिस्टोसोमा आपल्याकडे कधीच नव्हता असं मात्र नाही. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या लोकांमध्ये माणसाचाच शिस्टोसोमा शोधून काढला होता. तिथली गोगलगाय फेरिसिया, इवलीशी, उलट्या टोपीसारखी दगडाला चिकटलेली. भारतात या रोगाचं नाव निघालं की आजही गिमवीचं नाव निघतं. मामीला मी हे सांगितलं ते घाबरवायला नव्हे; पायाला खाज येते हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, एवढं तिला पटावं म्हणून.

म्हशी

पाखऱ्याला डॉक्टरांनी अँटिमनी असलेल्या औषधाची इंजेक्शनं सुरू केली, आठवड्याला एक, पुठ्ठ्याच्या मांसात खोल. तिसऱ्या इंजेक्शननंतर आवाज निम्म्यावर आला. मामा खूश होता. मी नव्हते, कारण माझी नजर म्हशींवर होती.

मामाकडे दोन म्हशी, दोन्ही नागपुरी, मागे वळलेल्या लांब तलवारीसारख्या शिंगांच्या. दोघी दिवसाचे तीन-चार तास बोडीत नाकापर्यंत बुडून असतात. घोरत नाहीत, शेंबूडही फारसा नाही. मामाच्या लेखी त्या ठणठणीत. पण या कृमीचा स्वभाव असा आहे की गाई-बैलांना तो छळतो आणि म्हशींमध्ये बहुधा गुपचूप राहतो. गाठी लहान, आवाज नाही, अंडी मात्र पडत राहतात. डॉक्टरांना म्हटलं, म्हशींचंही नाक तपासू या. मामा हसला. पण दोघींपैकी मोठीच्या नाकातून घेतलेल्या शेंबडात तसलंच वाकडं अंडं निघालं.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. पाखऱ्या घोरतो म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे, पण तो दिवसातून दोनदा पाण्याला तोंड लावतो. म्हैस तासन्‌तास नाक पाण्यात घालून बसते. बैलावर उपचार करून म्हशीला तशीच बोडीत सोडली असती तर येत्या पावसाळ्यात पुन्हा तेच. मोठी म्हैस गाभण होती, म्हणून डॉक्टरांनी तिचं औषध विण्यानंतरवर ढकललं. तोवर तिला बोडीपासून दूर ठेवणं एवढंच हातात होतं.

मोरचूद

पौषात मामाने सायकलवर पोतं आणलं. मोरचूद. बोडीत टाकायचं, गोगलगायी मरतील, विषय संपेल. गोगलगायी मारायला मोरचूद वापरतात हे खरं आहे आणि कुणीतरी जाणत्यानेच त्याला ते सुचवलं होतं. पण बोडी गावातल्या एका ढिवर कुटुंबाने मासेमारीसाठी घेतलेली आहे. त्या कुटुंबातले काका पाळीवर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “भाऊ, तुमच्या बैलाचा आम्हालेबी जीव हाय. पण मोरचूद मासोळीले वेगळं करते का गोगलगाईपासून?”

नाही करत. तांब्याचं पाणी माशांना मारतं, पिला-बेलामियाला मारतं, आणि त्याच पाण्यावर पुढे धानही आहे. मी मामाला हातातल्या जेलीच्या वड्या दाखवल्या. पानाखालच्या, चिखलात दडलेल्या, पाळीच्या बेशरमीच्या मुळाशी असलेल्या गोगलगायींपर्यंत औषध सारखं पोचत नाही. त्यातली एक जरी वाचली, तरी तिला जोडीदार लागत नाही. दोन-तीन महिन्यांत पुन्हा पानं भरतील. शिवाय कालव्याच्या पाण्यातून नव्या येतातच. मग दरवर्षी मोरचूद, आणि दरवर्षी माशांचं मरण.

काकांनी त्यावर जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. थंडीत या चपट्या गोगलगायी उथळ, उन्हाच्या बाजूला गोळा होतात. पळसाच्या पानांचा भारा दोरीला बांधून तिथे सोडला तर दोन दिवसांत चिकटून बसतात, भारा ओढून घ्यायचा. त्यांनी ते झिंग्यांसाठी करताना पाहिलं होतं. आम्ही केलं. पहिला भारा पाळीवर उपडा केला तेव्हा चपट्या गोगलगायींचा आणि त्यांच्या अंड्यांच्या वड्यांचा थर निघाला. मामीने तो चुन्यासकट खड्ड्यात पुरला. भाऱ्यात आलेल्या पिला मी परत पाण्यात सोडल्या. मुग्धबलाक करकोचा, ज्याला आपल्याकडे घोंगल्याफोड्या म्हणतात, तो या बोडीवर उतरतो तो पिलासाठीच, आणि त्याला उपाशी ठेवण्याचं काही कारण नव्हतं.

मोरचुदाचं पोतं मामाने परत केलं. पैसे पूर्ण मिळाले नाहीत.

मे महिना

मामाची शेवटची आशा उन्हाळ्यावर होती. बोडी वैशाखात आटते. पाणी नाही तर गोगलगाय नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, नागपूरचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना, आम्ही पहाटे पाच वाजता भेगाळलेल्या तळात उतरलो. वर पांढरे पडलेले रिकामे शंख शेकड्याने. मामा म्हणाला, “झालं ना!” मी कुदळीने भेगेच्या कडेचा एक ढेकूळ फोडला. वीतभर खाली माती अजून दमट होती, आणि तिथे आडवी बसलेली चपटी, अंग आत खोल ओढून घेतलेली. तिला पिलासारखं झाकण नाही. सुकलेल्या चिकट द्रवाचा पातळ पडदा तोंडाशी, एवढीच काय ती आडकाठी. वाटीतल्या पाण्यात ठेवली. सूर्य वर आला तोवर काही नाही. आम्ही चहा पिऊन आलो तेव्हा दोन बारीक मिशा बाहेर होत्या.

मामा वाटीपुढे बराच वेळ उकिडवा बसून राहिला.

नागपूरच्या मातीला हा प्रकार नवा नाही. शहरातल्या टाकळीच्या भागात लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या तळ्यांचे गाळ आहेत, आणि त्यांत दगड झालेले गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने ते गोळा करून १८६० मध्ये त्यांचं वर्णन छापलं; हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे. दख्खनचा लाव्हा ओतला जात होता तेव्हाची, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची ती तळी. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात पाणी साचायचं आणि त्यात गोगलगायी यायच्या. त्या वेगळ्या कुळाच्या होत्या, पण येऊन-जाऊन असणाऱ्या पाण्यात संसार मांडायची रीत हीच.

त्या दिवशी ठरलं की वरचा हातभर गाळ काढून वावरात टाकायचा, पण ढीग करून नाही. पातळ पसरून, उन्हात पार सुकेपर्यंत. ढिगात ओल राहते, आणि ओलीत चपटी राहते. गाळ खत म्हणून हवाच होता. बोडीची उथळ बाजू त्यामुळे थोडी खोल आणि उभी झाली, कमळाची गर्दी कमी झाली. बेशरम मुळासकट काढली. ती पुन्हा येईल, पण दरवर्षी काढायचं कबूल झालंय.

आणि बोअरजवळ सिमेंटचा हौद बांधला. खर्च मोरचुदाच्या चार पोत्यांहून जास्त नव्हता. ढोरं पाणी प्यायला तिथे. म्हशी दुपारी पाइपच्या पाण्याखाली. हे सगळ्यांत अवघड गेलं, कारण म्हशीला डुंबण्याची सवय जन्माची; पहिले पंधरा दिवस दोघी दोर तोडून बोडीकडे पळाल्या. सावलीत चिखलाचा एक खड्डा करून त्यात बोअरचं पाणी सोडलं तेव्हा कुठे रमल्या. तो खड्डा आठवड्याला एकदा पूर्ण सुकू द्यायचा, ही माझी अट. पाळली जातेय.

पावसाळ्यानंतरची नोंद अशी. पाखऱ्या पोळ्याला सजून तोरणाखाली उभा राहिला. श्वासाला अजून बारीक शीळ आहे, कारण जुन्या गाठींचे व्रण राहिलेत, पण नांगराला पूर्ण दिवस चालतो. शेंबडाची काचपट्टी भाद्रपदात पुन्हा पाहिली, अंडं दिसलं नाही. मोठी म्हैस व्यायली, मग तिलाही औषध झालं. बोडीत चपट्या गोगलगायी आहेत. कमी आहेत, पण आहेत. त्या असणारच. श्रावणात मी पुन्हा बरणी आणि पेले घेऊन गेले, तीन दिवस उजेडात ठेवले, आणि या खेपेला एकाही पेल्यात दुभंगलेली शेपटी दिसली नाही. जाड शेपटीचे काळे ठिपके मात्र एका पेल्यात होते, त्यामुळे काठचं गवत कापून न घालण्याचं मामाला वेगळं सांगावं लागलं.

मामीने त्या खालच्या दोन बांध्यांत रोवणी केली. खाज आली, पण एकच दिवस. ती म्हणते, पूर्वी आठ दिवस झोप नसायची.

पाळीच्या पलीकडचे शेतकरी अजून ढोरं बोडीतच नेतात. त्यांची एक गाय गेल्या महिन्यापासून मान झटकतेय. मामाने स्वतःहून त्यांना बोलावून आपला हौद दाखवला आणि माझा नंबर दिला. येत्या रविवारी तिच्या नाकाची काचपट्टी घ्यायला मी जाणार आहे. डॉक्टरही येतो म्हणालेत.